‘गेट’चं मामेकूळ

रविकांत मला पहिल्यांदा भेटला तो शेलूबाजारच्या जीप-थांब्यावर. भेटला म्हणजे काय, अंगावर कोसळला. “गेट इन! गेट इन!” असं तो इतक्या जोरात ओरडला की आडतीतली सोयाबीनची पोती उसवली, महामार्गावरचे ट्रक जागीच थिजले आणि कुठल्याशा कचेरीतला बाबू चक्क झोपेतून उठून कामाला लागला. मी घाबरून समोरच्या जीपमध्ये चढलो. मला वाशिमला जायचं होतं. जीप कारंज्याची होती.

हा गृहस्थ जीपवाला नव्हताच. थांब्यामागच्या खोलीत तो इंग्रजीचा क्लास घ्यायचा आणि पोरांना सराव म्हणून माणसं जीपमध्ये कोंबायचा.

“भाऊ, हजार क्रियापदं पाठ करनं म्हन्जे येडेपना,” पुढे ओळख झाल्यावर त्याने मला सांगितलं. “एक ‘गेट’ धरा. उठनं गेट, चढनं गेट, भेटनं गेट, समजनं गेट, बरं होनं गेट. लगन करनंबी गेट!”

शेवटचं तेवढं त्याला जमत नव्हतं. पस्तिशी उलटली होती, आई-वडील नव्हते, स्थळं येत नव्हती. अखेर मीच मध्यस्थ झालो आणि त्याला रिठदला जगदेवरावांची योगिनी पाहायला घेऊन गेलो. वाटेत तो एकदाही ‘गेट’ म्हणाला नाही. एवढा घाबरलेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

आमच्याकडे मुलाची कमाई मागून विचारतात. आधी कूळ, मग मूळगाव, मग मामेकूळ. ही उलटतपासणी योगिनीची आजी सोजरबाई घेत होती.

“बापू, तुह्या मायचं माहेर कोन्तं?”

“शिरपूर.”

“अन् मायच्या मायचं?”

रविकांतने पंख्याकडे पाहिलं. “थे मले मालूम नाही, आजी.”

पोह्यांचे चमचे हवेतच थांबले. एका काकूने पदर तोंडाला लावला. आजीचं माहेर माहीत नसलेला नवरदेव रिठदने पाहिलाच नव्हता! जगदेवराव भला माणूस. विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, “क्लासात काय शिकवता तुमी?”

इथे मी रविकांतच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

“गेट!” तो खुलला. “हा शब्द इंग्रजायचा नव्हेच! हजार-अकराशे वर्सांआंधी उत्तरेकडच्या थंड मुलखातले लोक होड्यांत बसून इंग्लंडात उतरले. थे तिथंच राह्यले, वावरं केले, सोयरिकी केल्या. त्यायच्यासंगं हा आला. तवा त्याचा अर्थ होता मिळवनं, हाती लागनं.”

तेवढ्यात दाराआडून योगिनीचा आवाज आला, “मंग फर्गेट कोनाकडचा?”

“थो त्याचा चुलतभाऊ! थो इंग्लंडात आंधीपासूनच राहून राह्यला होता.”

योगिनी हसली. मी मनातल्या मनात मांडव घातला, वाजंत्रीवाल्याला इसार दिला.

सोजरबाईंनी मांडव उपटला. “काहून रे, होडीतल्या मानसायचं हजार वर्साचं गनगोत तुले पाठ, अन् सोताच्या आजीचं माहेर नाही? उद्या आमची पोरगी तुही बहीन निंगाली तं?”



“मामाले इचारून सांगतो,” रविकांत पुटपुटला. “आजी, तंवर थांबा.”

“मामाले इचारावं लागते!” काकू किंचाळली.

मामाशी बोलणं वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कधीचंच तुटलं होतं. तरी तो शिरपूरला गेला, शिव्या खाल्ल्या, पाया पडला आणि आजीच्या माहेराचं नाव घेऊन आला. योगिनीच्या घराशी रक्ताचं नातं कुठेच लागत नव्हतं. रस्ता मोकळा होता. मी लगेच जगदेवरावांना फोन लावला.

योगिनीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आदल्या दिवशीच दुसरीकडे झालं होतं. मुलाचं आसेगावला कृषी केंद्र आहे.