गॅरेजमधल्या गप्पा

शनिवारी सकाळी उत्तरा पोह्यांना फोडणी देत होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात कांचन. नागपूरची, इथे युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकायला आलेली. "काकू, शैलेंद्र गॅरेजमध्येच ना?" म्हणत ती सरळ तिकडे वळलीसुद्धा. शैलेंद्र उत्तराचा नवरा, तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तरी तो नुसता शैलेंद्र आणि ही काकू.

पंच्याऐंशी साली टेक्सासमध्ये प्लेनोला घर घेतलं आणि शैलेंद्रला रिव्हॉल्व्हरने कागदी टार्गेटवर नेम धरायचा नाद लागला. काडतुसंही तो घरीच भरायचा. माणूस सावध. माहितीपुस्तकात दिलेल्या बंदुकीच्या पावडरच्या सगळ्यात कमी मापाने सुरुवात करायची, मग दमादमाने वर जायचं. पावडर झटकन जळणारी, चिमूटभर पुरते, पितळी पुंगळीचा जेमतेम तळ झाकला जातो. धोका तिथेच. चुकून दुसऱ्यांदा पडली तरी आरामात मावते, आणि मग रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं. म्हणून त्याचा नियम, पावडर भरताना कुणी बोलायचं नाही. उत्तरा इतके दिवस चहाचा कप मुकाट्याने ठेवून परत फिरायची.

आणि आज गॅरेजमधून हसू ऐकू येत होतं.

ती पोहे घेऊन गेली. शैलेंद्र पावडर घालता घालता बॉसची नक्कल करत होता. कांचन डोळे पुसत म्हणाली, "काकू, हा किती फनी आहे. तुम्हाला तर रोज फुकट शो."

"मला तिकीटच मिळत नाही गं," उत्तरा म्हणाली.

दोघांच्या खुर्च्यांमधलं अंतर तिने डोळ्यांनीच मापलं. तिथून नजर घसरली ती लाकडी ठोकळ्यात रांगेने उभ्या पुंगळ्यांवर, आणि एकीपाशी अडकली. तिने टेबलावरचा टॉर्च उचलला.

"अहो, हिच्यात बघा. शेजारणीपेक्षा जास्त दिसतेय."

शैलेंद्रने वाकून पाहिलं. चेहऱ्यावरचा बॉस उतरला. त्याने एकूण एक पुंगळी डब्यात रिकामी केली.

"सॉरी यार, मीच बडबडत बसले," कांचन पुटपुटली आणि पोहे न खाताच निघाली.

"तू पाहिलं नसतंस तर..." शैलेंद्र रिकाम्या पुंगळ्या परत ठोकळ्यात लावत म्हणाला.

"मी ते बघायला आलेच नव्हते," उत्तरा म्हणाली. "आता शांतपणे भरा. मी मध्ये येत नाही. फक्त झालं की आत या, आणि थोडा वेळ माझ्याशी बोला."