काड्यांचा गठ्ठा
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मुलीच्या अमरावतीच्या मिशन शाळेचं ते पत्रक आठवतं. ती तेव्हा दुसरीत होती आणि वजाबाकीसाठी दहा काड्यांच्या गठ्ठ्याचं रबर काढत होती. मी ओरडलो, “हातचा घे न! काड्या काय मोजून राहिली?” “बाबा, सिस्टरनं असंच सांगतलं.” “सिस्टरले माह्यापेक्षा जास्त समजते का?” म्हणत मी तिला थापड मारली. दुसऱ्या दिवशी दप्तरात शाळेच्या बातम्यांचं झेरॉक्स केलेलं पत्रक निघालं. त्यात पालकांना विनंती होती, मुलांना काड्यांचे गठ्ठे सुटे करूनच वजाबाकी करू द्या. मी ते खिशात लपवलं, तिचं बरोबर होतं हे तिला कधीच सांगितलं नाही. आता ती दहावीत आहे. गणिताचं उत्तर लिहिण्याआधी अजूनही माझ्या तोंडाकडे पाहते.