अर्ध्या वाटेवरचा नारळ

देवीवर माझी खरी श्रद्धा आहे की नुसती भीती, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्या दिवसांत हात मात्र सारखा छातीवरच असायचा.

भोर संस्थानातल्या वेल्ह्याच्या शाळेवर मी मास्तर होतो. वय अठ्ठेचाळीस, गालात अखंड तंबाखू, आणि स्वभाव असा की आपलं चुकतंय हे दुसऱ्यानं सांगितलेलं खपायचं नाही. शाळा चढावर होती. त्या वर्षी भाताची कापणी उरकली आणि तो रोजचा चढ मला जड जाऊ लागला. छातीत कुणी दोर आवळावा तसं व्हायचं, कळ डाव्या हातात उतरायची, कधी जबड्यापर्यंत चढायची. थांबलो की दोन-तीन मिनिटांत सगळं निवायचं. पोरांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी कुणाच्या तरी खळ्यावरची भाताची उडवी न्याहाळत उभा राही. गावाला वाटलं, मास्तरांना शेतीचा नाद लागला.

घरी हिंग-ओवा सुरू झाला. चार दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, एकदा भोरला जाऊन डॉक्टरांना दाखवा ना." मी म्हणालो, "वाताला डॉक्टर कशाला?" पण आतून घाबरलो होतो. वडील असेच पन्नाशीच्या आत, दोन प्रहरी जेवून उठताना गेले होते. धाकट्या लेकीचं लग्न व्हायचं होतं. मी गेलो तर या दोघींचं काय, हा विचार पाठ सोडत नव्हता आणि तो बोलून दाखवायची हिंमतही नव्हती.

शेवटी गुरव म्हणाला, "गुर्जी, आईलाच इचारा की." आमच्याकडे अडलं-नडलं की गावच्या देवळात मेंगाई आईला कौल लावतात. भिजवलेले तांदळाचे दाणे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवा पडला तर होकार. मी विचारलं, "आई, हे दुखणं तुझं आहे का?" उजवा दाणा टपकन पडला.

मला लगेच आठवलं. नऊ वर्षांपूर्वी धाकटी विषमज्वरानं अंथरुणाला खिळली तेव्हा मी बोललो होतो, पाच मंगळवार अनवाणी, उपाशीपोटी तोरणा चढून गडावरच्या आईला नारळ वाहीन. पोर बरी झाली आणि मी गावातल्याच देवळात एक नारळ फोडून मोकळा झालो. गरज सरो, वैद्य मरो! आता आई तो नवस वसूल करत होती. खरं सांगू? मला हायसंच वाटलं. दुखण्याला कारण मिळालं आणि डॉक्टरकडे जाणं टळलं.

पहिल्या मंगळवारी बसत-उठत गड गाठला. दुसऱ्या मंगळवारी त्याच्या दुप्पट वेळा बसावं लागलं. कळ जितकी जास्त तितकी आई कसोटी पाहतेय, असं मी मनाला बजावत होतो. बायको दाराशी रडली तर तिच्यावरच ओरडलो, "देवाच्या कामात मोडता घालू नकोस." त्या ओरडण्याची आजही लाज वाटते.

तिसऱ्या मंगळवारी अर्ध्या वाटेवर एका काळ्या धोंड्यापाशी पाय उचलेनात. घामानं सदरा भिजला होता. नारळ मांडीवर घेऊन बसलो. तेवढ्यात खालून एक म्हातारी वर आली. गडाच्या पायथ्याच्या धनगरवाड्यावरची भागूबाई, हरवलेली म्हैस शोधत निघाली होती. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"गुर्जी, ह्यो हात छातीला असा कवापासनं?"

"वात आहे. बसलं की जातो."

"आन चाललं का येतो. व्हय ना?" ती समोर बसली. "आमचा मालक बी असाच हात धरून ह्याच धोंड्यावर बसायचा. त्यो बी वातच म्हनायचा. खाली जावा. भोरला जावा डागदराकडं."

मी नवसाचं सांगितलं. तिनं सरळ माझ्या मांडीवरचा नारळ उचलला. "मी न्हेते वर."

"दुसऱ्यानं नेलेला चालतो का?"

"नारळ पोचल्याशी कारन. तुमचं मढं पोचून आईनं काय करायचं?"

एवढं तोंडावर मला कुणी बोललं नव्हतं. रागही आला आणि रडूही आलं. कौल खोटा की ही म्हातारी खोटी, काही कळेना. पण पाय खालीच वळले.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं कापूरहोळ गाठलं, तिथं मुक्काम करून सकाळच्या मोटारीनं भोर. डॉक्टरांच्या बाकावर नंबर लावून बसलो असतानाच कळ आली. बसलेलो होतो तरी आली, आणि या वेळी थांबेना. डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली, तिथंच आडवं केलं. पुढचे सहा आठवडे भोरातच मेहुण्याच्या घरी मी अंथरुणावर होतो. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, चढताना दुखतं आणि थांबलं की थांबतं, ही हृदयाची हाक असते. तेव्हाच यायला हवं होतं. आणि बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, तर एक पाऊलही चालायचं नाही. बाजेवर घालून आणायला सांगा. तंबाखू आजपासून बंद, तूपही आवरा. सपाटीवर सावकाश चाला, पण गड विसरा."

फाल्गुनात वेल्ह्याला परतलो. भागूबाई म्हणजे साक्षात आईच होती, असं बायको म्हणत होती. मलाही ते पटत आलं होतं. नवा नारळ आणि लुगडं घेऊन मी हळूहळू धनगरवाड्यावर गेलो. ती शेण थापत होती. आधीचा नारळ पोचवल्याबद्दल मी हात जोडले, तर ती खाली बघू लागली.

"गुर्जी, खोटं कशाला बोलू? म्हस खालच्या वढ्यातच घावली. मी वर गेलेच न्हाई. नारळ त्या धोंड्यावर फोडला, मालकाच्या नावानं."

मी खालीच बसलो. तिसरा नारळही पोचला नव्हता, नवस अर्धाच राहिला होता आणि मी जिवंत होतो. मग गुण कशाचा आला?

ती हात पुसत म्हणाली, "मालकाला मीच वर धाडला हुता. नातवासाठी बोलले हुते. त्यो म्हनला, दुखतंय. म्या म्हनलं, आई बघतीया, चढ. त्या धोंड्याच्या फुडं गेला न्हाई त्यो." तिनं पदर डोळ्यांना लावला. "तुमाला बघितलं आन म्हनलं, पुन्यांदा न्हाई."

मला अडवायला आई भागूबाईच्या रूपात आली म्हणावं, तर तिच्या मालकाला अडवायला का आली नाही? त्याचा जीव काय स्वस्त होता? उजवा कौल कशासाठी दिला होता? ज्या बाईनं आपल्या माणसाला वर धाडलं, तिच्यामुळेच मी खाली आलो. याचा अर्थ मी अनेक वर्षं लावतोय आणि तो लागत नाही. एवढं मात्र शिकलो की देहानं हाक मारली तर तिला कसोटी म्हणू नये, आणि जे कळत नाही त्यापुढेही हात जोडता येतात.

उठताना मी लुगड्यावर नवा नारळ ठेवून तो तिच्यापुढे केला.

"आता खरंच न्हेते वर," ती म्हणाली. "आईची आन."

तो नारळ वर पोचला की नाही, हे मी तिला कधीच विचारलं नाही.