प्रस्तावनेची न कापलेली पाने

प्रस्तावना वाचू नये असं मी कधीच म्हटलेलं नाही. ती आधी वाचू नये, एवढंच माझं म्हणणं. या एका मतापायी माझं लग्न मोडता मोडता जमलं, त्यामुळे ते बदलण्याची माझी मुळीच तयारी नाही.

हे मत मला जळगावच्या वाचनालयाने शिकवलं. तिथलं कुठलंही पुस्तक उघडा. गोष्टीच्या पानांवर हळदीची बोटं, चहाचे गोल डाग, एखाद्या रडक्या प्रसंगापाशी कागद फुगलेला. प्रस्तावनेची पानं मात्र लग्नातल्या आहेराच्या टोपीसारखी करकरीत. कोणी त्यांना हातच लावलेला नसायचा. सारं गाव जे ठरवून करतं त्याला काही अर्थ असतो, असं मानून मीही मेहरूणच्या तळ्याकाठी बसून थेट गोष्टीलाच हात घालायचो. गोष्ट आवडली तर मग मागे येऊन प्रस्तावना वाचायची. नाही आवडली तर प्रस्तावनेने ती सुधारणार थोडीच होती.

आता मुलीकडे येतो. तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेत. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि भाषणाच्या बाबतीत स्वतःला तोफ समजत होतो. ती श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत टेबलावर पितळी घंटा घेऊन बसली होती. वेळ संपली की वाजवायची, एवढंच तिचं काम. मी उभा राहिलो, अध्यक्षांना वंदन केलं, परीक्षकांना केलं, धुळ्याच्या भूमीला केलं, पांझरेच्या पाण्याला केलं, आणि मूळ विषयाकडे वळणार तोच घंटा वाजली. सभागृह हसलं. ती हसली नाही. तिने फक्त घंटेवर तळहात ठेवून तिचा आवाज थांबवला आणि पुढच्या स्पर्धकाकडे बघितलं. त्याच क्षणी माझं ठरलं. इतक्या न्यायनिष्ठुर बाईशिवाय माझ्यासारख्याचा संसार होणं नाही.

पुढे मी जळगावच्या एका शाळेत मास्तर झालो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. घरात लग्नाचा विषय निघाला तेव्हा मी धुळ्याचं ते स्थळ सुचवलं, आणि नरडाण्याजवळच्या खेड्यात कपाशी पिकवणाऱ्या माझ्या मामाने मध्यस्थी अंगावर घेतली.

मुलीचे वडील निवृत्त हेडमास्तर. सगळं धुळं त्यांना भाऊ म्हणायचं. भाऊंचा एक लौकिक होता: आसपास कोणीही पुस्तक छापलं की प्रस्तावना भाऊंची. कवितांचं असो, आयुर्वेदाचं असो, गुरांच्या रोगांचं असो. लेखक बिचारा पुस्तकभर जेवढं लिहायचा त्याच्या निम्मं तरी भाऊ आधीच लिहून ठेवायचे. आणि जावई निवडण्याची त्यांची रीतही त्यातूनच निघाली होती. मुलगी बघायला यायच्या आधी ते मुलाकडे एक पुस्तक पाठवत. येताना परत आणायचं. मग चहापोह्यांबरोबर त्यावर चार प्रश्न.

माझ्यासाठी मामाने पुस्तक आणलं ते एका शिक्षकाने लिहिलेल्या गोष्टींचं. धुळ्यातच छापलेलं. बांधणाऱ्याने कडा कापल्याच नव्हत्या, पानांच्या घड्या तशाच जोडलेल्या. वाचणाऱ्याने सुरी घेऊन एकेक पान फोडत पुढे जायचं.

"वाची ठेव," मामा म्हणाला. "भाऊ इचारतीन."

मी वाचलं. शाळेचं काम सांभाळून हळूहळू वाचलं, कारण गोष्टी चांगल्या होत्या. शेवटची गोष्ट एस.टी.त एरंडोलच्या पुढे सुरू केली. प्रस्तावना नियमाप्रमाणे शेवटी राखून ठेवली होती. पारोळ्याला गोष्ट संपली, आणि मी डोळे मिटून तिच्यावर विचार करत बसलो तो धुळ्यालाच उठलो.

बैठकीत गादी घातलेली. एका बाजूला भाऊ, काळा कोट, चष्मा कपाळावर. मी पुस्तक अदबीने पुढे केलं. मुलगी पोह्यांच्या बशा ठेवून आतल्या दाराशी बसली. मामाने घसा खाकरला आणि माझी ओळख करून द्यायला सुरुवात केली, ती माझ्या पणजोबांच्या बैलजोडीपासून. पणजोबांनी विहीर खोदली, आजोबांनी ती बांधून काढली, वडिलांनी नोकरीसाठी जळगाव गाठलं, असं करत करत तो माझ्यापर्यंत पोचला तोवर पोहे गार झाले होते.

"पोऱ्या लाखात एक शे, भाऊ," सगळ्या गावाला साक्षीला काढत त्याने समारोप केला. "बठ्ठं गाव इचारी ल्या."

भाऊंचं लक्ष मामाकडे नव्हतं. ते पुस्तक आडवं धरून त्याच्या कडा बघत होते. मग त्यांनी चष्मा खाली ओढला आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत बोट घालून पाहिलं. बोट आत जाईना. पुढची सगळी पानं फोडलेली, आणि प्रस्तावनेची जशी छापखान्यातून आली तशी, एकमेकांना घट्ट धरून बसलेली.

"हे वाचलं नाहीत," भाऊ म्हणाले. आवाज मऊ होता. हेडमास्तरांचा मऊ आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

"नाही, भाऊ."

मामाने डोळे मिटून घेतले. बैलजोडी, विहीर, सगळं त्याच्या नजरेसमोरून परत निघालेलं मला दिसलं.

"कारण?"

मला मुलगी हवी होती. तीन-चार सोयीची कारणं जिभेवर होतीही: सुरी बोथट होती, शाळेच्या परीक्षा होत्या. पण दाराशी बसलेली बाई कोण होती ते मला ठाऊक होतं. पाल्हाळ लावला असता तर तिने मनातल्या मनात घंटा वाजवली असती.

"भाऊ, आपल्याकडे पानात भरीत वाढतात तेव्हा वांगं कुठलं, कुठल्या काड्यांवर भाजलं, हे आधी सांगत बसत नाहीत. माणूस खातो. मग स्वतःच विचारतो, वांगं कुठून आणलं? प्रस्तावना मी तेव्हा वाचतो."

"म्हणजे भरीत खाऊन झालं?"

"खाऊन झालं. चांगलं होतं."

"मग आता विचारा, वांगं कुठलं." भाऊ आतल्या दाराकडे वळले. "सुरी आण गं."

ती लिंबू चिरायची सुरी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून परत दाराशी जाऊन बसली.

"मोठ्याने वाचा," भाऊ म्हणाले.

आता मोठ्याने वाचायला सांगणं ही काही मला शिक्षा नव्हती. मी गुडघ्यांवर ताठ बसलो, पान फोडलं आणि सुरू केलं. साहित्याचं प्रयोजन आलं. कथेचा उगम आला. प्राचीनांचं मत आलं, त्यावर अर्वाचीनांचं आलं. पान फोडायचं, वाचायचं, पुढचं फोडायचं. मामा भिंतीला टेकला, मग डुलायला लागला. भाऊ मात्र ओठ हलवत होते, त्यांना सगळं पाठ होतं.

आणि मग, जवळपास शेवटाला, एक पान असं आलं की माझा आवाज आपोआप खाली उतरला. भाऊंनी लिहिलं होतं की या लेखकाची आणि त्यांची भेट नरडाण्याच्या स्टेशनवर झाली. गाडीला उशीर होता. कापसाच्या गाठींवर दोघे बसले होते. वेळ घालवायला म्हणून लेखकाने खिशातून कागद काढून गोष्ट वाचायला घेतली. गाडी आली, थांबली.

मी पान फोडायला थांबलो, तसा मामा डोळे उघडून म्हणाला, "मंग? गाडी गयी?"

गेली. दोघेही बसल्या जागीच राहिले, गोष्ट संपायची होती.

मी पुस्तक मिटलं.

"भाऊ, हे पान पुस्तकातल्या कुठल्याही गोष्टीच्या तोडीचं आहे. ते इतकं आत का लपवलंत?"

"हेच मी म्हटलं होतं," दारातून आवाज आला. मग कळलं की भाऊंच्या सगळ्या प्रस्तावनांची स्वच्छ प्रत तीच काढायची. "स्टेशन पहिलं घ्या म्हटलं. भाऊ म्हणाले, प्रस्तावनेला भारदस्तपणा लागतो."

भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "माझे प्रश्न संपले. तुला मुलगा कसा वाटतो ते तू सांग."

सगळं आता त्या एका उत्तरावर होतं.

"मामांनी सुरुवातीला सांगितलं ते मी ऐकलं नाही," ती म्हणाली. "लक्ष गार होणाऱ्या पोह्यांकडे होतं. त्यानंतरचं ठीक आहे."

"बैलजोडीबी नही ऐकी?" मामाने विचारलं.

"नाही, मामा. लग्नानंतर ऐकीन."

मामाला हे 'लग्नानंतर' उमगायला थोडा वेळ लागला. मला लागला नाही.

लग्न धुळ्यातच झालं. अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, भटजींनी मुहूर्त जवळ आल्याचं सांगितलं. तेवढ्यात भाऊ पुढे झाले आणि त्यांनी कोटाच्या खिशातून कागदांची जाडजूड घडी काढली. मंगलाष्टकांपूर्वी दोन शब्द. मांडवातल्या जाणत्या मंडळींनी बसायला जागा शोधायला सुरुवात केली. भटजींनी घड्याळाकडे पाहिलं. भाऊंनी घडी उलगडली, अंतरपाटावरून माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे लेकीकडे पाहिलं, आणि कागद पुन्हा खिशात घातले.

"जेवणं झाल्यावर," ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर त्यांनी खरंच वाचलं. जिलबी अशी झाली होती की कोणाला जागचं उठवत नव्हतं. पहिल्याच वाक्यात लेक घंटा घेऊन टेबलाशी बसली होती आणि होणारा जावई पांझरेला वंदन करत होता. लोक हसून हसून लोळले. त्यानंतर मात्र भाऊंनी विवाहसंस्थेचा उगम घेतला, आणि प्राचीनांचं मत सांगायला लागले. घंटा वाजवणारी माझ्या शेजारीच बसली होती, समोर रिकामा पितळी पेला होता आणि तो वाजवायला बोटात नवी अंगठी होती. तिने हात मांडीवरून उचलला नाही.