दिवाळीआधी ताबा

"हे कुणासाठी थांबलंय?" कुठलंही काम समोर आलं की ताई आधी हे विचारायच्या, आणि विचारताना चष्मा कपाळावर चढवायच्या. प्लास्टर असो, लिफ्ट असो, नाही तर न आलेला चहा. उत्तर मिळालं की चष्मा खाली आणि बोटं कीबोर्डवर.

गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांना पत्र्याचं कुंपण पडत होतं आणि कुंपणाआड टॉवर चढत होते. मी लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आलेली, एका बिल्डर कंपनीत नवी इंजिनिअर. ताई तिथे प्लॅनिंग बघायच्या. बाकी सगळ्यांच्या त्या 'मॅडम'. माझ्या मात्र पहिल्याच दिवशी ताई झाल्या, कारण माझं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं होतं, "अगं, जेवलीस का?" दिल्लीत आल्यापासून घराबाहेर मला मराठीत कुणी काही विचारलंच नव्हतं.

ताई दिल्लीतच वाढलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. आर. के. पुरमला मोठ्या भावाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरात त्यांना कुणी नको म्हणत नाही, पण त्यांची गादी सकाळी गुंडाळून पलंगाखाली जाते.

आमचा टॉवर रखडला होता. ताबा पुढच्या उन्हाळ्याशिवाय देता येणार नाही असं साइटवर सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. तेवढ्यात कंपनीने प्लॅनिंगचं नवं सॉफ्टवेअर आणलं. कुठलं काम कुठल्या कामानंतर, हे त्यात भरलं की ते पट्ट्यांचा तक्ता काढून द्यायचं. साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये तो एक कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे ताई. दोन-तीन आठवडे त्या एकेका फोरमनला बोलावून बसवत आणि तोच प्रश्न विचारत. टाइल्स कुणासाठी थांबल्यात? प्लास्टरसाठी. प्लास्टर कशासाठी? वरचे सगळे स्लॅब व्हायचेत म्हणून. "पर क्यों, भैया? ऊपर का स्लॅब नीचे के प्लास्टर का क्या लगता है?" फोरमन डोकं खाजवायचा. आजवर असंच होत आलं होतं, एवढंच.

मीटिंगमध्ये त्यांनी तक्ता भिंतीवर लावला. वर स्लॅब चालू असतानाच खाली प्लास्टर, त्याच्याही खाली टाइल्स. दिवाळीआधी ताबा.

प्रोजेक्ट मॅनेजर हसले. "मॅडम, ये कंप्यूटर ईंट लगाएगा क्या?"

"नहीं सर. ईंट को बता देगा कि कब आना है."

मग मॅनेजरसाहेबांनाही हुरूप आला. स्लॅब पक्का व्हायला त्यावर इतके दिवस पाणी कशाला, तेही कमी करा, म्हणाले. ताईंचा चष्मा कपाळावर गेला. "वो नहीं कटेगा सर. बिल्कुल नहीं." आवाज चढला नाही, पण तो विषय तिथेच संपला.

काम खरोखर दिवाळीच्या तोंडावर पुरं झालं. हार, पेढे, भाषणं. मालक म्हणाले, "कमाल का सॉफ्टवेअर है!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनीही वाजवल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "चलो, त्याला तरी पेढा द्या यार."

त्या टॉवरमध्ये ताईंचाही एक फ्लॅट आहे, हे मला त्या दिवशी कळलं. भाऊ रिटायर होऊन नागपूरला निघाला होता, क्वार्टर सोडायचं होतं.

"बोलला नाहीत कधी?"

"बोलले असते तर सगळे म्हणाले असते, स्वतःसाठी घाई करतेय."

"काहीतरीच काय!"

"करतच होते गं," ताई म्हणाल्या.

राहायला गेल्या त्या दिवशी मी मदतीला होते. "जरा रांगोळी काढ ना, त्या... दाराच्या खालच्या पट्टीपाशी."

"उंबरठ्यापाशी?"

"हां, उंबरठा! आयुष्यभर ड्रॉइंगमध्ये सिल लिहीत आले, विसरलेच." मग तो शब्द दोन-तीनदा नुसताच म्हणून पाहिला.

पण बाकी कुणी राहायला आलंच नाही. चाव्या सगळ्यांनी नेल्या होत्या, पण बहुतेकांनी भाव चढेल म्हणून फ्लॅट घेऊन ठेवले होते. कुणी परदेशात होतं, कुणाचं साउथ दिल्लीत घर होतं. अख्ख्या टॉवरमध्ये वाळत घातलेले कपडे एकाच गॅलरीत दिसायचे. लिफ्ट ताईंना वर सोडलं की तिथेच उभी राहायची, सकाळी परत त्यांनाच न्यायला.

संक्रांतीला त्यांनी मला बोलावलं. बाहेर धुकं होतं. मोठा डबा भरून तिळाच्या वड्या केलेल्या. "इतक्या?" मी विचारलं.

"अगं, कुणी आलं असेल तर? मला कळलं नसेल."

आम्ही मजल्यामजल्यावर फिरलो. बेल वाजायच्या नाहीत, कारण आत वीजच घेतलेली नव्हती. ताई तरी प्रत्येक दारावर टकटक करायच्या आणि थोडं थांबायच्या. शेवटी आम्ही खाली आलो. शेजारच्या टॉवरवर काम करणाऱ्या बायकांना वड्या वाटल्या, गेटवरच्या गार्डला दिल्या. "ये खाके मीठा बोलना होता है," ताईंनी त्याला समजावलं.

"किससे बोलूँ, मॅडम?" तो म्हणाला. "आपके सिवा है कौन यहाँ?"

ताई खूप हसल्या. मग रिकामा डबा पदराने पुसत बसल्या, बराच वेळ.

पुढे नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याला परतलो. रविवारी ताईंचा फोन यायचा. एकदा म्हणाल्या, "फ्लॅट विकला गं. दादाला पॅरालिसिस झालाय, वहिनी एकटी किती करणार? जातेय नागपूरला."

"ताई, अजून थोडं थांबा. लोक येतील."

"येतील ना. नक्की येतील. अच्छा, तू जेवलीस का?"

नागपूरचा नंबर एक-दोनदा लागला. नंतर भलत्याच कुणीतरी उचलला.

बऱ्याच वर्षांनी कामासाठी दिल्लीला गेले होते, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून तिकडे गेले. गेटपाशी गाड्यांची रांग, खाली मुलांचा आरडाओरडा, सगळ्या गॅलऱ्यांत कपडे. ताईंच्या दारावर दुसरीच पाटी. बेल दाबली, वाजली. दार उघडणाऱ्या बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. मी कुणाची चौकशी करतेय ते त्यांना कळेना. त्यांच्या आधीही इथे कुणी दुसरंच राहत होतं म्हणे. "आपकी रिश्तेदार थीं?"

"नहीं," मी म्हटलं.

त्यांनी आत बोलावलं, पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या, मीही मागोमाग गेले. ओट्याशी वाकून त्या म्हणाल्या, "पता नहीं किसने इतना नीचा बनवाया. पूरे टॉवर में बस हमारा ही ऐसा है. कमर दुख जाती है. अगले हफ्ते मिस्त्री आ रहा है, तुड़वा रहे हैं."

ताईंची उंची बेताचीच होती. मी पाणी प्यायले आणि रिकामा पेला त्या ओट्यावर ठेवला.