सुरईवरच्या लोंब्या

शिळफाट्यावर माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून मुनिराभाभींचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. खंडाळ्याचे बंगले रिकामे झाले की तिथले दिवे, आरसे, काचेची भांडी त्यांच्याकडे येतात आणि पुढे कळंबच्या रिसॉर्टांत जातात. बाई काचेतली दर्दी, पण जिभेला हाड नाही. एकदा एका रिसॉर्टवाल्यानं मोठ्या ऐटीत इंग्रजांच्या काळचा म्हणून पेला आणला. भाभींनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "साच्यातला हाय. दातांचे ब्रश ठेवा." तो परत फिरकला नाही. गोड खोटं त्यांना जमतच नाही, त्यावरून मी त्यांना किती वेळा बोललोय.

म्हणूनच त्या दुपारी माझा जीव टांगणीला लागला.

कडावच्या इंदूबाई माझ्याकडून पोलकी शिवून घेतात. सत्तरी कधीच ओलांडली. त्या दिवशी माझ्याकडे न बघता त्या थेट भाभींकडे गेल्या आणि पिशवीतून गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली काचेची सुरई काढली. या सुरईची गोष्ट अख्ख्या कडावला ठाऊक. इंदूबाईंचे वडील मालोजी तरुणपणी मुंबईत काचेवर नक्षी कोरायच्या कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर खंडाळ्याच्या एका बंगल्यात माळी झाले. तिथली एक सुरई हरवली, संशयावरून त्यांना काढून टाकलं, आणि पुढे गावात कुणीतरी यांच्या घरात सुरई पाहिली. झालं. "ही मी कोरलीय, कारखान्याच्या शेठनं दिली," असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. लोक मात्र सुरईचोरच म्हणत. इंदूबाईंच्या लग्नातसुद्धा वऱ्हाडानं तो शब्द काढला होता.

"बाबा बोलायचा त्ये खरं का, तेवढं सांग गं," इंदूबाई म्हणाल्या. "चोरीची निघाली तर हितंच फोडते. नातवंडांच्या घरात नको ती." सुरईच्या गळ्यावरचा हात त्यांनी काढलाच नाही.

भाभींनी तशीच ती आडवी केली आणि बुडावर तोंडाची वाफ सोडली. वाफेत पुसट अक्षरं उमटली.

"चेकोस्लोव्हाकिया. काच बाहेरची हाय, मावशी."

इंदूबाईंची बोटं आवळली. मी मशीन सोडून उठलो. बाई, आज तरी खोटं बोल, असं मनात म्हटलं.

"थांबा," भाभी म्हणाल्या. "त्यो देशच पहिल्या महायुद्धानंतर झाला. म्हणजे तुमच्या बाबाच्या काळात बसते. तवा कोरी काच बाहेरून यायची, नक्षी मुंबईत पण कोरायचे." मग भिंग लावून त्या वाकल्या. फिरत्या चाकावर हातानं कोरलेल्या रेघेत बारीक ओरखडे असतात, ते होते. पण हात कुणाचा, हे ओरखडे सांगत नाहीत. "कणसं हायत. बाहेरच्या नक्षीत गव्हाची असतात, ताठ. ही वाकलेली हायत, भाताची लोंबी वाटते. पण संगं पान कसलं त्ये मला उमजत नाय. मी सांगू शकत नाय, मावशी."

मला त्यांचा भयंकर राग आला. एक हो म्हणायला काय जात होतं? पण त्यांनी भिंग इंदूबाईंच्या हातात दिलं. "तुमीच बघा."

इंदूबाईंनी ती सुरई आजवर नीट पाहिलीच नव्हती. लाजेची वस्तू, ती पेटीच्या तळाशी असायची. त्या भिंगातून बघत राहिल्या, आणि मी त्यांच्या हाताकडे.

"आंब्याचं पान हाय. खाली झेंडू हाय. लोंब्यांना दोरा गुंडाळलाय." त्यांनी भाभींकडे पाहिलं. "हे नवं हाय गं."

दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि झेंडू एकत्र बांधून आम्ही दाराला लावतो, ते नवं. परदेशातला कारागीर ते कशाला कोरेल?

"पान मागं दुमडलंय बघ. आमच्या आळीत समदे सरळ बांधायचे. बाबा तेवढा दुमडायचा, वाऱ्यानं फाटतं म्हणून."

भाभींनी पुन्हा भिंगातून पाहिलं. पान दुमडलेलं होतं. "मग हात त्यांचाच," त्या म्हणाल्या. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी समजूत काढतायत असं धरलं असतं.

इंदूबाई रडल्या. मग त्यांनी गोधडीचा तुकडा घडी करून पिशवीत कोंबला आणि उघडी सुरई दोन्ही हातांत धरून रस्त्याकडे निघाल्या.

"गुंडाळा, मावशी," भाभी मागून म्हणाल्या. "गाडीत फुटंल."

"आदी गावाला बघू दे," इंदूबाई म्हणाल्या. "मंग फुटली तरी चालंल."