चाचीचं दुसरं चित्र

गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणारा चितारी मी जुन्नरात एकच पाहिला: आमचे कागदीचाचा. घरचा धंदा हातकागदाचा; पण त्याच कागदावर माणसांचे चेहरे रंगवायचं त्यांना भारी वेड. "सुरकुत्या तेवढ्या पुसा," असं कुणी म्हटलं की कुंचला खाली. "पावणं, त्या तुमी कमावल्यात. मी कोण पुसणार?"

भिंतीवर इंग्रजी मासिकातलं एक पान डकवलेलं होतं. स्पेन देशातल्या कुणा चिताऱ्यानं उतारवयात काढलेली एक म्हातारी. कपाळावर नि एका गालावर उजेड, बाकी सगळा अंधार. चाचा म्हणायचे, "बघ पोरी, रडत न्हाई ती. पण जिथं उजेड पडलाय तिथं दुखतंय."

मी तिसरीतून शाळा सोडलेली. नवरा कराचीच्या गोदीत, म्हणून मी चाचीबरोबर कागद दगडानं घोटून गुळगुळीत करायला जायची. वाचायचं विसरू नये म्हणून चाचा रोज रद्दीतलं काहीतरी माझ्यापुढे टाकत. आज या परमुलखात चार ओळी लिहिते आहे त्या त्यांच्यामुळेच. गावाकडचं पत्र आलं की मात्र दिवसभर न उघडता तसंच ठेवते.

त्या हिवाळ्यात चाची खोकायला लागली. महिन्याभरात गाल बसले. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा ती चाचांना म्हणाली, "आता माझं चित्र काढा की. लोकांची लई काढलीत."

रोज सकाळी ती कोवळं ऊन तोंडावर घेऊन दारात बसायची. आठ दिवसांनी चाचांनी कागद तिच्याकडे फिरवला. भरलेले गाल, डोळ्यांखाली काही नाही. त्यांनी लग्नातली चाची काढली होती!

ती हसली, मग कितीतरी वेळ खोकली. "अजी, पोरगी देखणी हाय. पण मी कुटं हाय?"

"जमलं न्हाई मला," चाचा खाली बघत म्हणाले.

"मग परत काढा. मी गेल्यावर तुमी ह्या पोरीसाठी रडाल. माझ्यासाठी कोण रडणार?"

दुसऱ्या कागदावर त्यांनी गालाची हाडं काढली, सुकलेले ओठ काढले. काही पुसलं नाही. डोळे तेवढे राहिले होते, आणि चाची गेली.

मला कराचीला न्यायला दीर आले, तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. चित्र तसंच होतं. डोळ्यांच्या जागी कोरा कागद.

"चाचा, पुरं करा ना. चाळीस वर्षं बघितलेत तुमी ते डोळे. आठवणीतून येतील."

"येतील की," चाचा म्हणाले. "पण आठवणीतनं काढले, तर ते पुन्हा तरुणच येतील, पोरी."